डाव्या काचेवरची टेप

आमचे हे जन्मानं आंधळे न्हाईत. हे आधी सांगून टाकते, कारण आताशा नवीन माणसं दुकानात येतात, ह्यांला स्टुलावर बसलेलं बघतात आन् मला बाजूला घेऊन हळूच इचारतात, जन्मापासून हाय का हो मावशी? माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाती. न्हाई बाबा, जन्मापासून न्हाई. चौदा महिन्यात डोळे गेले. आन् जायचे बी नव्हते. येळेवर नांदेडला जाऊन डोळ्यात सुई टोचून घेतली असती तर धंदा चालण्यापुरती नजर राहिली असती, असं तिथली डॉक्टरीण माझ्या तोंडावर बोलली. पूर्ण्याहून नांदेड गाडीनं पाऊण तास. स्टेशन आमच्या दुकानापासून इतकं जवळ की गाडी आली की फळीवरचे सेट थरथरतात.

माझं नाव शिवकन्या. ह्यांचं चन्नप्पा. पूर्ण्यात चन्नप्पा मेकॅनिक म्हणलं की रिक्षावाला पुढं काही इचारत न्हाई. दुकानाला नाव लेकीचं, ईश्वरी टीव्ही रिपेअरिंग. लेक लग्न होऊन उदगीरला हाय. आता दुकानात आमी दोघंच.

ह्यांच्या वडलांचं किराणा दुकान होतं. आमच्या लिंगायताच्या घरात पोरगं जरा मोठं झालं की तराजू हातात घेतं. ह्यांनी पाना-पेचकस घेतला. पंधराव्या वर्षी बापाचा रेडिओ उघडून सगळा पसारा पोत्यावर मांडून ठिवला, बापानं बदडून काढलं, आन् दिवस मावळायच्या आत रेडिओ बोलायला लागला. सासरे मला ही गोष्ट दहा येळा तरी सांगून गेले असतील. मंग काळे-पांढरे टीव्ही आले, रंगीत आले, ते पाठीला ढेरी असलेले. त्यातल्या एकानं ह्यांला असा झटका दिला होता की हे भिंतीवर जाऊन आदळले. तरी सोडलं न्हाई. पुढं हे भिंतीला टांगायचे सपाट सेट निघाले तवा पूर्ण्यातले निम्मे मेकॅनिक मोबाईलची कव्हरं विकायला बसले. ह्यांनी भंगारातून एक मेलेला सपाट सेट उचलून आणला आन् तीन आठवडे त्याच्यासमोर बसले. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, थांब, आत्ता कुठं बोलायला लागलाय. मी म्हणायचे, माझ्याशी बोलायला तीन वर्षं लावली होती तुमी.

सेट आला की बाकीचे आधी पाठीमागचे स्क्रू काढतात. हे काढायचे न्हाईत. सेट चालू करायचा, समोर खुर्ची टाकायची आन् नुसतं बघत बसायचं. पंधरा-पंधरा मिनिटं. गिऱ्हाईक बेजार व्हायचं. मंग एकेक सवाल. कधीपासून हाय? अख्ख्या पडद्यावर हाय का अर्ध्याच? रेघा उभ्या का आडव्या? आवाज बराबर येतो का? सेटचा मेनू लावला तर मेनू बी वाकडा दिसतो का नुसतं चॅनेल? मेनू सरळ आन् चॅनेल वाकडं असंल तर सेट चांगला, खोट केबलमध्ये न्हाईतर डिशमध्ये. मेनू बी वाकडा असंल तरच उघडायचं. असे कितीतरी सेट ह्यांनी हातसुद्धा न लावता वापस पाठवले. डोस्कं फिरायचं माझं. पण माणूस तसाच होता, खोट कुठं हाय ते कळल्याबगर हात चालायचा न्हाई.

उघडल्यावर काम करायचं पाठीमागून आन् चित्र तर पुढच्या बाजूला. त्यासाठी समोर आरसा. हा आरसा माझ्या लग्नातल्या कपाटाचा. कपाटाचं दार मोडलं तसं ह्यांनी आरसा दुकानात नेला, मला इचारलं बी न्हाई. तीस वर्षं झाली, मी केस इंचरायला घरात हातभर आरशासमोर उभी राहते आन् माझ्या कपाटाच्या आरशात साऱ्या तालुक्याचे टीव्ही तोंड बघतात.

चुडाव्याच्या पार्वतीबाईचा सेट असाच त्या आरशासमोर आला होता. पोटापुरती जमीन, मालक वारलेला, घरात एकटी बाई. एका माणसाची दोन माणसं दिसायलीत म्हणाली, आन् दोन्ही थरथरायलीत, पाण्यात बघितल्यावाणी. ह्यांनी बघितलं, इचारलं, उघडलं. आतमध्ये एक बारीक पाटी असती आन् तिच्यापासून दोन रुंद पट्ट्या काचेकडं जातात, एक डावीकडं, एक उजवीकडं. ह्या पट्ट्यातून काचेला हुकूम जातो, कोणती रेघ कधी लागायची ते. एका बाजूची नस बिघडली की ती चांगल्या बाजूचं काम बी नासवती. ह्यांनी उजवी पट्टी काढून बघितली, राहिलेलं अर्धं चित्र तसंच थरथरायलं. उजवी लावली, डावी काढली. राहिलेलं अर्धं चित्र दगडासारखं थांबलं. खोट डावीकडं, म्हणाले.

मंग टेप. गरम झाली तरी सुटत न्हाई अशी एक पिवळी टेप असती. डाव्या पट्टीच्या टोकाला केसाएवढ्या बारीक सोनेरी रेघा असतात, त्यातल्या चार-पाच झाकायच्या, म्हंजे बिघडलेला हुकूम आत जात न्हाई. पुढचा सारा भार एकटी उजवी बाजू ओढती, आन् चित्र अख्खं दिसतं. ती टेप कापायचं काम माझं. ह्यांची बोटं जाड, नखं खाल्लेली. मी काचेवर टेप चिकटवून ब्लेडनं शेवईहून बारीक कापायचे. हे चिमट्यानं उचलायचे, लावायचे, पट्टी खोचायची, आन् दोघं मिळून आरशात बघायचं. चित्र सरळ झालं की मला बी लय बरं वाटायचं. पार्वतीबाईनं हात जोडले.

ह्यांनी तिला हात खाली घ्यायला लावले. "बाई, ही दुरुस्ती न्हाई, टेप हाय. सहा महिने चालंल, वरीस चालंल. सारा भार आता एका बाजूवर आलाय, ती बी थकणार. ती गेली की मला बोल लावायचा न्हाई."

हेच वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला. बाजारातले दुसरे हीच टेप लावतात आन् नवीन पार्ट टाकला म्हणून सांगतात. हे सांगायचे आन् वरून सेटच्या पाठीवर काळ्या मार्करनं लिहायचे, टेप, आन् खाली तारीख. उद्या कुणी म्हणायला नको की चन्नप्पानं फसवलं. काही माणसं ते ऐकून सेट उचलून दुसरीकडं जायची. मी म्हणायचे, अहो, इतकं काहून सांगायचं? हे म्हणायचे, दुसरी बाजू जायच्या आधी त्याला माहीत पाहिजे. इमानदारीचा लय ताठा होता माणसाला.

आन् एक हट्ट होता. काचेला, पॅनेलला, कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. लय वर्षांमागं ह्यांनी एक मोठा पॅनेल बाहेरगावच्या कारागिराकडं दिला होता. काचेच्या कडेला ज्या नसा चिकटलेल्या असतात त्या सुईच्या टोकानं सोडवून परत चिकटवून देतो म्हणाला होता तो. पॅनेल वापस आला तो सारा काळा. आधी नुसत्या दोन रेघा होत्या, निदान चित्र दिसत होतं. दोन दिवस हे धड जेवले न्हाईत. तवापासून कानाला खडा लावला. सुई आत गेली की काच मेली, असं म्हणायचे. गिऱ्हाइकाला बी सांगायचे, आहे तसं बघत बसा, पण पॅनेल उघडू देऊ नका.

आता साखरेचं. ह्यांला साखर निघून आठ वर्षं झाली होती. गोळी चक्कर आली की घ्यायची, बरं वाटलं की बंद. मी म्हणायचे, गोळी म्हंजे काय फ्यूज हाय का, उडाल्यावर बदलायला? हे हसायचे आन् स्टेशनवरचा दोन चमचे साखरेचा चहा प्यायचे. भांडून भांडून माझं तोंड दुखलं.

पहिली खूण पूजेत दिसली. आमच्यात गळ्यातलं लिंग सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यासमोर धरायचं आन् त्याच्यावर नजर लावून बसायचं. हे कधी चुकले न्हाईत. त्या श्रावणात म्या बघितलं, हे लिंग तळहातावर फिरवायलेत. इकडून धरायलेत, तिकडून धरायलेत, उठून खिडकीपाशी जाऊन बसायलेत. म्या इचारलं, काय झालं? म्हणाले, लिंगावरचा काळा लेप एका अंगाला खचलाय वाटतं, स्वामींला दाखवावं लागंल. म्या हातात घेऊन बघितलं. लिंग गोल होतं, जसं दीक्षेच्या दिवशी दिलं तसं. म्हणलं, चांगलं तर हाय. ह्यांनी ते परत गळ्यात घातलं.

त्याच आठवड्यात पिंगळीचे आदिनाथ मास्तर सेट घेऊन आले. आवाज गेला होता, बाकी काही तक्रार न्हाई. आवाज ह्यांनी अर्ध्या तासात आणला. मास्तर न्यायला आले तर हे म्हणाले, राहू द्या, चित्र वाकडं हाय, बघतो. मास्तर म्हणाले, मला तर सरळ दिसायलंय. हे चिडले. तुमाला कळत न्हाई, खाली बातम्यांची पट्टी फिरती ना, ती मधीच खाली झुकायली. मास्तर बिचारे गेले. हे चार दिवस त्या सेटच्या मागं. पट्ट्या काढल्या, लावल्या, पाटी बदलून बघितली. मेनू लावला, मेनू बी वाकडा. मला म्हणाले, बघ. म्या बघितलं. म्हणलं, अहो, बातम्यांची पट्टी सरळ हाय. तर माझ्यावर खेकसले, तुला तरी काय कळतं म्हणून. इतकी वर्षं टेप कापायले मी, मला काय कळतं! मी तोंड फिरवून बसले.

चौथ्या दिवशी दुपारी हे सेटसमोर खुर्ची टाकून बसले होते. मी डाळ निवडायले होते. बघते तर ह्यांनी डाव्या हातानं डावा डोळा झाकलाय. मंग हात काढला, उजवा झाकला. परत डावा. एक पट्टी काढून बघायची, दुसरी काढून बघायची, तसं. मंग सेट बंद केला आन् दाराच्या चौकटीकडं बघितलं, एकेका डोळ्यानं. उठून बाहेर गेले आन् रेल्वेच्या तारेकडं बघितलं. वापस आले ते हळूहळू आले. 

"सेट चांगला हाय," म्हणाले. "मास्तरला फोन कर, घेऊन जा म्हणावं."

मंग खुर्चीत बसून चष्मा काढला आन् म्हणाले, टेप दे, काळी, रुंद. म्या दिली. म्हणाले, डाव्या काचेएवढी गोल काप. म्या कापली. चष्मा हातात घेऊन काच पदरानं पुसली आन् आतल्या बाजूनं टेप बसवली, एक बुडबुडा राहू दिला न्हाई. ह्यांनी चष्मा घातला, सेट चालू केला, बातम्यांची पट्टी बघितली. सरळ. चार दिवसांनी ह्यांच्या तोंडावर हसू आलं. म्हणाले, बघ, एका बाजूवर चाललं. आन् मी हसले. हे मला आजवर खातंय. मी हसले होते. मंग ह्यांनी ड्रॉवरमधून मार्कर काढला, मला वाटलं मास्तरच्या सेटवर काही लिहायचं असंल, आन् मी परत डाळीकडं वळले.

मी काही पार अडाणी न्हाई. दुसऱ्याच दिवशी म्हणलं, नांदेडला जाऊ, डोळा दाखवू. म्हणाले, जाऊ. आठ दिवसांनी म्हणलं, म्हणाले, हातातलं काम सरू दे. मंग रेल्वे कॉलनीत डोळ्यांचं शिबिर लागलं. हात धरून न्यावं म्हणलं तर म्हणाले, दुकान कोण बघंल, मी एकटा जातो. गेले. दोन तासांनी आले. म्या इचारलं, काय म्हणाले? तर म्हणाले, नंबर वाढलाय, दुसरं काही न्हाई, साखर सांभाळा म्हणाले. मी ते खरं मानून बसले. ज्या माणसानं तीस वर्षं गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं न्हाई तो मला कशाला सांगंल?

आन् काम बी चाललं की हो. तेच तर झालं. टेप लावल्यापासून ह्यांचं काम पहिल्यासारखं चाललं. तारेला शिश्याचा डाग देताना सुरुवातीला जरा चाचपडले, एका डोळ्याला खोली कळत न्हाई, डागाची कढत सळई बोटाला लागायची म्हणायचे. मंग सवय झाली. बाजारातली माणसं गंमत करायची, चन्नप्पा, दुसरा डोळा शिल्लक टाकून ठिवला का? हे म्हणायचे, स्पेअरमध्ये हाय. मी बी हसायचे. काम चालायलंय, माणूस हिंडायलाय, मंग भांडायला मुद्दा राहत न्हाई. दिवाळी झाली, संक्रांत झाली, उन्हाळा गेला. टेप सुटायची, मी नवीन लावून द्यायचे. चारदा तरी दिली असंल.

पुढल्या आश्विनात पार्वतीबाई वापस आली. रिक्षात सेट, पाठीवर ह्यांच्या हातची तारीख. दीड वरीस चालला होता. आता सारा पडदा राखाडी, मधी मधी काहीतरी सळसळायलं. ह्यांनी बघितलं, इचारलं काहीच न्हाई. म्हणाले, बाई, दुसरी बाजू गेली. ती काही कुरकुरली न्हाई. "तुमी सांगितलं होतं," म्हणाली, आन् सेट तिथंच ठिवून गाडी गाठायला गेली. ती गेल्यावर हे लय येळ त्या तारखेकडं बघत होते. मला वाटलं, बाईचं वाईट वाटायलंय.

त्याच्यानंतर चार-पाच दिवस झाले असतील. सकाळची दहाची येळ. हे एका सेटच्या मागं बसून आरशात बघायले होते. मला म्हणाले, आरशावर काळं काय सांडलंय, पूस. म्या बघितलं, आरसा स्वच्छ. तरी पदरानं पुसला. म्हणाले, अजून हाय, वरून ओघळायलंय. परत पुसला. म्हणाले, नीट पूस की. म्या पाणी आणलं, कागद घेतला, घासून घासून पुसला, माझंच तोंड त्यात लख्ख दिसायलं आन् त्याच्यामागं ह्यांचं. ह्यांनी मान हलवली, इकडं तिकडं. मंग हात खाली ठिवले.

"राहू दे," म्हणाले. "आरसा न्हाई."

चष्मा काढला, डाव्या काचेवरची टेप नखानं उचकटली, आन् डाव्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. म्या इचारलं, दिसायले का मी? म्हणाले, कडंनी दिसायलीस, मधी न्हाईस. मधल्या जागी काळा खड्डा होता त्यांच्या. चौदा महिने त्या टेपच्या मागं तो खड्डा वाढत होता, आन् त्याच्यावर मी दर तीन महिन्याला नवीन टेप लावून देत होते.

दुपारच्या गाडीनं नांदेड. पाऊण तास. डॉक्टरीण तरणी बाई, ईश्वरीच्या वयाची. लय येळ बघितलं तिनं, दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून. म्हणाली, बाबा, साखरेनं डोळ्याच्या आतल्या नसा फुटल्यात. उजव्यात रक्त उतरलंय. डाव्यात सूज होती, ती तशीच राहून आता वण पडलाय, तिथं काही करता येत न्हाई. उजव्याचं ऑपरेशन करू, पण आशा थोडी धरा. मंग इचारलं, रेघा वाकड्या दिसायला कधीपासून लागल्या? बाकीची माणसं म्हणतात, झाले पाच-सहा महिने. ह्यांनी तारीख सांगितली. वार सुद्धा सांगितला. तिनं पेन खाली ठिवला. म्हणाली, मंग तवाच कुठं दाखवलं का न्हाई?

हे म्हणाले, "दाखवलं होतं. शिबिरात. ते म्हणाले, महिन्याच्या आत डोळ्यात सुई घ्या, दुसऱ्यात बी सुरुवात हाय."

मी शेजारच्या स्टुलावर बसले होते.  डॉक्टरीण माझ्याकडं बघायली, तिला वाटलं मला माहीत असंल. तिनं ह्यांला इचारलं, मंग घेतली काहून न्हाई? हे म्हणाले, "सुई आत गेली की काच मरती, बाई. आन् एका बाजूवर चाललं होतं." तिला काही कळलं न्हाई. मला सारं कळलं. वापस येताना गाडीत मी ह्यांचा हात धरून होते, कारण आता धरणं भाग होतं.

ऑपरेशन झालं. उजव्यानं आता दिवा लागलेला कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळती. बस. ईश्वरी आली, आठ दिवस रडली, गेली. दुकान उघडं ठिवलंय ते ह्यांच्यासाठी, घरी बसवून ठिवलं तर माणूस महिन्यात जाईल म्हणून. कधीमधी जुनं गिऱ्हाईक येतं. हे सवाल इचारतात, रेघा उभ्या का आडव्या, मेनू वाकडा का सरळ, आन् मी बघून सांगते. केबलची खोट असंल तर कळती. पट्टी काढायची असली तर मी काढते, पण डाग द्यायचं मला जमलं न्हाई. दोन सेट जाळले म्या. तवापासून लोक येत न्हाईत, आन् मी त्यांला दोष देत न्हाई. पार्वतीबाईचा सेट कोपऱ्यात तसाच उभा हाय.

सकाळची पूजा चुकत न्हाई अजून. लिंग तळहातावर घेतात, डोळ्यासमोर धरतात आन् बसतात, पहिल्यासारखी मान ताठ. मी तिथं थांबत न्हाई. चुलीपाशी जाते न्हाईतर नळाला जाते. बघवत न्हाई मला.

परवा दुकान झाडताना ड्रॉवर रिकामा केला. ह्यांचं चष्म्याचं घर सापडलं, ते काळं, कडक झाकणाचं. चष्मा आता लागत न्हाई, म्हणलं टाकून द्यावं, म्हणून आत काही हाय का बघायला उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं होतं. टेप. खाली तारीख, मास्तरचा सेट चांगला निघाला त्या दिवसाची. ह्यांचंच अक्षर, सेटच्या पाठीवर असायचं तेच.

म्या तारीख दोनदा वाचली.  म्हंजे माणसाला पहिल्या दिवशीच माहीत होतं. शिबिराच्या आधी, डॉक्टरच्या आधी. हसले होते ना माझ्यासंगं, ते माहीत असून हसले होते. मला इतका राग आला की ते चष्म्याचं घर ह्यांच्या अंगावर फेकावं वाटलं. हे स्टुलावर बसले होते, दाराकडं तोंड करून.

म्या म्हणलं, "चुडाव्याच्या बाईला सांगितलं. साऱ्या तालुक्याला सांगितलं, सहा महिने, वरीस, दुसरी बाजू जाणार म्हणून. मला काहून न्हाई सांगितलं?"

मी काय हातात धरून बोलायले ते ह्यांला दिसत नव्हतं, पण झाकण उघडल्याचा आवाज ओळखला असणार.  एक गाडी आली, थांबली, गेली. फळीवरचे सेट थरथरून थांबले.

"तुला सांगितलं असतं," म्हणाले, "तर तू टेप दिली नसतीस."

नसतीच दिली. कॉलर धरून स्टेशनवर नेलं असतं, रडले असते, चारचौघांत पाय धरले असते, पण गाडीत बसवलं असतं. पूर्ण्याहून नांदेड पाऊण तास लागतो.